कोलोरॅडोच्या मुखाशी: एकदाच आलेला पूर आणि रोजचा निचरा

कोलोरॅडो नदीच्या मुखाकडे दोन तऱ्हेचे पाणी पोहोचले. पहिले 2014 च्या वसंतात, आठ आठवडे, अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांनी करार करून सोडलेले. सुमारे 13 कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात साडेचार टीएमसीच्या किंचित वर. त्याची जगभर बातमी झाली. दुसरे पाणी 1977 पासून एका सिमेंटच्या चरातून येते आहे. शेतांतून निथळलेले, खारट, कुणालाच नको असलेले. त्याचे वर्षाचे माप जवळपास तेवढेच भरते. पहिल्या पाण्याने नदीकाठच्या वनाला उभारी दिली आणि ती दोन-तीन वर्षांत ओसरली. दुसऱ्याने वाळवंटाच्या कडेला सुमारे सहा हजार हेक्टर पाणकणसाची दलदल उभी केली. पाणी खंडले तेव्हा ती वाळली, परत आले तेव्हा पुन्हा फुटली, आणि आजही तिथे आहे.

हे दोन प्रवाह शेजारी ठेवून पाहिले की नदीकाठचे वन आणि मुखाकडची पाणथळ नेमकी कशावर तगते ते दिसते. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो.

नदी कुठे संपते

कोलोरॅडो रॉकी पर्वतात उगम पावते आणि सुमारे 2,330 किलोमीटर वाहून कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते, असे भूगोलाची पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक वर्षी ती मेक्सिकोच्या सीमेवरच संपते. तिथे 1950 पासून मोरेलोस हा बंधारा आहे. उरलेसुरले सगळे पाणी तो मेहिकाली खोऱ्याच्या कालव्यात वळवतो. गहू, कापूस आणि लसूणघास पिकतात, शहरांचे नळ चालतात, आणि बंधाऱ्याच्या खाली नदीच्या नावाने वाळूचा पट्टा उरतो.

एके काळी हा त्रिभुज प्रदेश सुमारे 7,800 चौरस किलोमीटरचा होता. काठाने फ्रीमाँट कॉटनवुड म्हणजे पॉपलरच्या जातीचे उंच वृक्ष, त्यांच्या जोडीला विलो (आपल्याकडच्या नदीकाठच्या वाळुंजाचे भाऊबंद), जरा उंचवट्यावर मेस्किट, आणि खाली भरतीच्या पाण्यात खाजणे. मेस्किटबद्दल इथेच सांगून टाकतो. आपल्या माळरानांना छळणाऱ्या वेड्या बाभळीची ही सख्खी नातलग. तिथे मात्र ती मूळची रहिवासी आहे आणि संवर्धनवाले तिची रोपे मुद्दाम लावतात. घुसखोर म्हणून तिथे बदनाम आहे तो झाऊ, म्हणजे टॅमॅरिस्क, जो जुन्या जगातून अमेरिकेत नेला गेला. झाड चांगले की वाईट हे कुठल्या काठावर उभे राहून पाहतो त्यावर ठरते.

पाणी गेले ते कागदावर आधी गेले. 1922 च्या कराराने नदीच्या वरच्या आणि खालच्या खोऱ्यातल्या अमेरिकी राज्यांना प्रत्येकी सुमारे 327 टीएमसी वाटून दिले. 1944 च्या तहाने मेक्सिकोला 65 टीएमसी मिळाले. वाटप करताना धरलेली वर्षे नेमकी ओली होती. या शतकात नदीचा सरासरी प्रवाह वाटलेल्या आकड्याच्या जेमतेम तीन-चतुर्थांश भरतो. या सगळ्या वाटणीत खुद्द नदीच्या नावावर एक थेंब नव्हता. 1935 मध्ये हूवर धरण झाले, 1963 मध्ये ग्लेन कॅन्यनचे दरवाजे बंद झाले, आणि त्यामागचा पॉवेल जलाशय भरायला 1980 उजाडले. या काळात मुखाकडे जवळजवळ काहीच पोहोचले नाही.

त्याची खूण आजही किनाऱ्यावर दिसते. मुखाजवळचे काही बांध वाळूचे नसून शिंपल्यांचे आहेत, पांढरे, कुरकुरीत, मैलोन् मैल. ॲरिझोना विद्यापीठाचे कार्ल फ्लेसा आणि सहकाऱ्यांनी त्यांचा हिशेब मांडला तेव्हा किमान दोन लाख कोटी शिंपल्यांचा अंदाज निघाला. गोडे पाणी आणि गाळ येत होता तोवर तिथली खाडी किती पिकत होती, याची ही पावती. आज त्या चिखलात जिवंत शिंपला शोधावा लागतो.

मग 1980 च्या दशकात एल निनोची वर्षे आली, धरणे तुडुंब भरली आणि नाइलाजाने पाणी सोडावे लागले. मेला म्हणून सोडून दिलेल्या त्रिभुज प्रदेशात कॉटनवुड आणि विलो उगवले. 1990 च्या दशकात पुन्हा असेच घडले. एडवर्ड ग्लेन आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी या फुटव्याचा माग काढला आणि म्हटले की थोडे पाणी, तेही अधूनमधून, पुरेल. पुढची सगळी राजनीती या एका निरीक्षणावर उभी राहिली. ते निरीक्षण खरे होते, पण अर्धेच. दुसरा अर्धा भाग 2014 ने शिकवला.

बी आणि ओल

त्यासाठी कॉटनवुडचे बी जवळून पाहायला हवे. वसंतात मादी झाडाच्या शेंगा तडकतात आणि कापसाच्या पुंजक्यात अडकलेले मोहरीहून लहान बी वाऱ्यावर आणि पाण्यावर तरंगू लागते. त्यात साठवलेले अन्न जवळपास नसतेच, आणि ते जिवंत राहते जेमतेम काही आठवडे. त्याला हवी असते उघडी, नुकतीच पुराने धुतलेली ओली माती. गवताची सावली नको, जुना पालापाचोळा नको. रुजले की खरी शर्यत सुरू होते. पूर ओसरतो तशी जमिनीतली ओल खाली सरकते आणि रोपाचे मूळ तिच्यामागे धावते. ओल दिवसाला दोन-तीन सेंटिमीटरने उतरली तर मूळ गाठते, त्याहून वेगाने उतरली तर रोप आठवड्यात वाळते. शेवटी ते मूळ भूजलापर्यंत पोहोचले तरच पुढच्या उन्हाळ्यात झाड दिसते.

म्हणजे पूर वसंतातच यायला हवा, आधी जोरात येऊन माती धुवायला हवी, मग हळूहळू उतरायला हवा, आणि खाली भूजल हाताशी हवे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी धरणाच्या दरवाजावर ठरवता येतात. चौथी नाही.

भूकंपातून निघालेला करार

4 एप्रिल 2010 रोजी मेहिकाली खोऱ्यात 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला. कालवे फुटले, शेते खचली, आणि मेक्सिकोला आपल्या वाट्याचे पाणी वापरताच येईना. हे पाणी तात्पुरते अमेरिकेतल्या मीड जलाशयात, म्हणजे हूवर धरणामागे, ठेवू द्या, अशी विनंती झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती मान्य झाली. दोन देशांच्या सीमा-जल आयोगाच्या भाषेत अशा पुरवणी करारांना मिनिट म्हणतात. हे होते मिनिट 318. एकाच्या धरणात दुसऱ्याचे पाणी ठेवता येते हे एकदा मान्य झाल्यावर पुढचे बोलणे सोपे झाले. नोव्हेंबर 2012 मध्ये मिनिट 319 वर सह्या झाल्या आणि त्यात पहिल्यांदा नदीसाठी पाणी राखून ठेवले गेले. पुराचे पाणी दोन्ही सरकारांचे, आणि त्यानंतर काही वर्षे बारीक धार चालू ठेवण्यासाठी लागणारे सव्वादोन-अडीच टीएमसी स्वयंसेवी संस्थांचे. प्रोनातुरा नोरोएस्ते आणि सोनोरन इन्स्टिट्यूट यांच्यासारख्या संस्थांनी ते मेहिकालीच्या शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत किंवा भाड्याने घेऊन जमवले. हा तपशील बातम्यांत हरवला. माझ्या मते पुराइतकाच तो महत्त्वाचा आहे, कारण शेतकऱ्याला शत्रू न ठरवता नदीला पाणी मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत.

23 मार्च 2014 रोजी मोरेलोसचे दरवाजे उघडले. सर्वांत मोठा विसर्ग सुमारे 4,200 क्युसेक होता. पुण्याचा भिडे पूल पाण्याखाली जायलाही याच्या काही पट विसर्ग लागतो. पण सान लुईस रिओ कोलोरादो या गावात, जिथल्या पोरांनी पुलाखाली फक्त वाळू आणि गाड्यांच्या चाकोऱ्या पाहिल्या होत्या, तिथे जत्रा भरली. लोक पात्रात उतरले, घोडे उतरले, वाद्ये वाजली. 15 मेच्या सुमारास नदीचे पाणी भरतीच्या पाण्याला जाऊन भिडले. बऱ्याच वर्षांनी कोलोरॅडो समुद्राला मिळाली.

पाणी गेले कुठे

शास्त्रज्ञांनी नंतर ताळेबंद मांडला. सोडलेल्या पाण्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक पात्राच्या वाळूत मुरले. सान लुईसच्या आसपासच्या पट्ट्यात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बोअरनी भूजल इतके उपसले आहे की ते दहा मीटरच्याही खाली गेले आहे. तिथे पूर आला, माती ओली झाली, काही बी रुजलेही, आणि मग ओल मुळांना न जुमानता सरळ खाली निघून गेली. ज्या पट्ट्यात सर्वांत मोठी जत्रा भरली, तिथेच वनाच्या हाती सर्वांत कमी लागले.

उलट खालच्या बाजूला लागुना ग्रांदेच्या परिसरात भूजल वर आहे. तिथे संस्थांनी आधीच झाऊची बेटे उपटून जमीन मोकळी करून ठेवली होती आणि पुराचे काही पाणी कालव्याच्या सांडव्यांमधून थेट तिकडे वळवले होते. तिथे विलो आणि कॉटनवुडची रोपे दाट उगवली आणि काही वर्षांत डोक्यावर गेली. शेजारच्या न साफ केलेल्या पट्ट्यात पुराचा फायदा झाऊनेही घेतलाच. त्याचेही बी ओल्या मातीची वाट पाहत असते, आणि ते वसंतापुरते अडून राहत नाही. उन्हाळाभर झडत राहते.

त्या वर्षी पूरपट्ट्याची हिरवाई उपग्रहांतून पाहता साधारण 16 टक्क्यांनी वाढली, पक्षीही वाढले. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन्ही आकडे खाली आले. पूर फसला असे कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. भूजल थोडे भरले, आणि त्या आठ आठवड्यांत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना नदी दिसली. पुढचा करार त्या दृश्याशिवाय झाला असता असे वाटत नाही. पण वनाच्या हिशेबात तो महागडा पूर होता हे मान्य करावे लागते.

चराचे पाणी

आता दुसरा प्रवाह. 1961 मध्ये ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक सिंचन क्षेत्राने शेतातले साचलेले खारे पाणी उपसून नदीत सोडायला सुरुवात केली. त्याच हिवाळ्यात मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याची क्षारता 2,700 पीपीएमवर गेली. मेहिकालीची पिके करपली, मोर्चे निघाले. 1944 च्या तहात पाणी किती ते लिहिले होते, कसे ते नव्हते. 1973 च्या मिनिट 242 ने क्षारतेला मर्यादा घातली, आणि ती पाळायची म्हणून अमेरिकेने वेल्टन-मोहॉकचे निचऱ्याचे पाणी नदीत न सोडता वेगळ्या चरातून मेक्सिकोतल्या सांता क्लारा नावाच्या खारवट सखल भागात नेऊन सोडले. 1977 पासून ते तिथे पडते आहे. कुणीही पाणथळ निर्माण करायला निघाले नव्हते.

तरी ती झाली. सिएनेगा दे सांता क्लारा आज या त्रिभुज प्रदेशातली सर्वांत मोठी दलदल आहे. पुरुषभर उंचीचे पाणकणीस, मधून होडी जाईल एवढ्या वाटा, हिवाळ्यात बदके आणि चिखलपक्षी. पाणकोंबडीच्या कुळातला युमा रिजवेज रेल हा संकटग्रस्त, लाजरा पक्षी जगात सर्वाधिक संख्येने इथेच राहतो. इवलासा डेझर्ट पपफिशही इथे टिकून आहे. निचऱ्याचे पाणी खारट आहे, पण पाणकणीस ते सोसते, आणि मुख्य म्हणजे ते वर्षभर येते. कॉटनवुडच्या वनाला पुराचा चढ-उतार हवा, या दलदलीला सातत्य हवे.

सातत्य तुटले की काय होते तेही दिसले. 1993 मध्ये हिला नदीच्या पुराने चराची मोडतोड झाली, काही महिने पाणी नीट आले नाही आणि पाणकणसाचा मोठा भाग वाळून गेला. पाणी परतल्यावर तो पुन्हा फुटला. सहा महिने ते वर्षभराची चूक ही दलदल पोटात घालते, कायमची चूक घालणार नाही.

आणि कायमच्या चुकीची यंत्रणा तयार उभी आहे. अमेरिकेच्या दृष्टीने या चरातले पाणी म्हणजे तोटा, कारण मेक्सिकोच्या 65 टीएमसीत ते धरले जात नाही आणि तेवढे वेगळे पाणी वरून सोडावे लागते. म्हणून युमा येथे क्षार काढणारा प्रचंड प्रकल्प बांधला गेला, 1992 मध्ये पूर्ण झाला आणि पुराने चर बिघडल्यावर लगेच बंद पडला. 2010-11 मध्ये तो एक-तृतीयांश क्षमतेने चालवून पाहिला. तो पूर्ण चालला तर सिएनेगाला उरेल थोडीशी, कितीतरी पट खारट मळी. मीड जलाशयाची पातळी जसजशी उतरते तसतशी तो सुरू करण्याची भाषा परत ऐकू येते. 2022 साली मेक्सिकोच्या वाट्यातच सुमारे साडेतीन टीएमसीची कपात झाली. अशा काळात तोट्याच्या खात्यातले पाणी फार दिवस दुर्लक्षित राहत नाही.

कागदोपत्री सिएनेगा सुरक्षित आहे. 1993 पासून ती जीवावरण राखीव क्षेत्रात येते, 1996 पासून हा त्रिभुज प्रदेश महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. जमिनीला दोन-दोन कवचे आहेत. पाणी दुसऱ्या देशातल्या सिंचन क्षेत्राच्या पंपांवर अवलंबून आहे आणि ते कायम येत राहील असे कोणत्याही तहात लिहिलेले नाही.

2021 चा बदललेला डाव

सप्टेंबर 2017 मध्ये मिनिट 323 झाले. अमेरिका, मेक्सिको आणि स्वयंसेवी संस्था, प्रत्येकी एक-तृतीयांश, असे मिळून 2026 पर्यंत नऊ टीएमसीच्या आसपास पाणी पर्यावरणासाठी ठरले. 2021 मध्ये मे ते ऑक्टोबर दीड टीएमसी सोडले गेले, पण या वेळी मोरेलोसचे दरवाजे उघडले नाहीत. पाणी मेक्सिकोच्या कालव्यांतून नेऊन, भूजल खोल असलेला कोरडा पट्टा टाळून, थेट खालच्या बाजूच्या संवर्धन क्षेत्रांजवळ नदीत घातले. उन्हाळाभर, सिंचनाच्या आवर्तनासारखे.

यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत दम आहे. कालव्यातून आलेले पाणी माती धुत नाही, नवी पुळण तयार करत नाही. अशा पाण्यावर लावलेले वन वाढते, पण ते स्वतःहून पुढच्या पिढीला जन्म देत नाही. दर वेळी कुणीतरी झाऊ उपटायला, रोपे लावायला आणि पाणी द्यायला हवे. सान लुईसच्या पुलाखालची वाळू तर वाळूच राहते. तरीही मिळणारे पाणी एवढेच असेल तर 2021 चा निर्णय मला बरोबर वाटतो. 2014 च्या तुलनेत एक-तृतीयांश पाण्यात, भूजल हाताशी असलेल्या जागी, झाडे तगली. कोरड्या पट्ट्याचे दुखणे पुराने बरे होण्यासारखे नाही. तिथे आधी बोअरचा हिशेब मांडावा लागेल, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भूजलावर दोन देशांत अजून तसा सर्वंकष करार नाही.

या कथेत एक समूह सतत कडेला राहतो. कुकापा हे नदीकाठचे मूळ लोक. 1993 च्या राखीव क्षेत्राने गाभा क्षेत्रात मासेमारीवर बंदी घातली आणि कोर्विना माशांच्या हंगामात पूर्वापार त्याच खाडीत उतरणाऱ्या या लोकांवर बेकायदा मासेमारीचे शिक्के बसले. नदी आटवणाऱ्या शेती-शहरांना कुणी अडवले नाही, काठावर उरलेल्यांना अडवले. पुढे संवर्धन क्षेत्रांत स्थानिकांना रोपवाटिकेची आणि लागवडीची कामे मिळाली हे चांगलेच, पण मजुरी आणि मासेमारीचा हक्क या एकमेकींच्या बदल्यात द्यायच्या गोष्टी नाहीत.

मिनिट 323 ची मुदत 31 डिसेंबर 2026 पर्यंतची. पुढच्या वाटाघाटींत नवा मोठा पूर मागण्याचा मोह होईल, कारण त्याचे चित्र चांगले दिसते. मला विचाराल तर पहिली मागणी सिएनेगाच्या पाण्याची असावी. युमाचा प्रकल्प तपासणीसाठी चालवला तेव्हा दलदलीला तूट पडू नये म्हणून मिनिट 316 अन्वये सव्वा टीएमसीहून थोडे अधिक पाणी तीन वाट्यांनी गोळा केले होते: एक अमेरिकेचा, एक मेक्सिकोचा, एक संस्थांचा. पाणी वेळेवर पोहोचले आणि दलदल शाबूत राहिली. ती सोय वर्षभराच्या चाचणीपुरती होती. तीच कायमची लिहून घ्यायची, आणि त्यानंतर लागुना ग्रांदेच्या वनासाठी उन्हाळ्याचे आवर्तन मागायचे.